दोरीला उरलेली गाठ

शाळेच्या पुस्तकात माझं चित्र पाहिलं असेल, तर तुम्ही मला 'तानकाटा' म्हणाल. बंदरावर मला नुसतं 'काटा' म्हणत. ताटलीएवढं गोल तोंड, त्यावर शून्यापासून पन्नासपर्यंतचे आकडे, मधोमध एक काळी सुई, डोक्यावर टांगायची कडी आणि खाली माल अडकवायचा हूक, एवढंच माझं शरीर. पोटात एक स्प्रिंग आहे. ती ताणली की सुई फिरते. मित्रांनो, दिव्यांचे आकडे दाखवणारे काटे आले आणि माझ्यासारखे अडगळीत गेले. मी मात्र अजून टांगलेला आहे. रत्नागिरीजवळ, भाट्याच्या खाडीच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे, तिथे सुलेमानच्या पडवीत. समोर माड आहेत, खाली खाडी आहे आणि माझ्या हुकाला एक रिकामी टोपली लटकते आहे. मला त्या टोपलीबद्दलच सांगायचं आहे. पण आधी माझी थोडी ओळख करून घ्या, म्हणजे पुढचं नीट कळेल.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. पत्रा कापल्याचा आवाज आणि ओल्या रंगाचा वास, इतकंच लक्षात आहे. डोळे उघडले ते सावर्ड्याच्या बाजारात, गंगारामशेटच्या दुकानात. मला घ्यायला सुलेमान आला तेव्हा तो तरणाबांड होता. मिरकरवाड्याच्या बंदरात मासे धरायच्या एका मचव्यात त्याची पाती, म्हणजे भागीदारी, होती. त्याने मला हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "खरा दाखवतो ना हा? तुमची ही तांदळाची गोणी लटकवून बघू काय?"

"तांदूळ नको रे बाबा," गंगारामशेट घाईने म्हणाले, "दुसरं काय पण लटकव!"

सुलेमान इतका हसला की त्याने भाव करायचंच सोडून दिलं.

पुढची वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात गजबजलेली. सकाळी मचवा लागला की मी तीन वल्ही एकत्र बांधून केलेल्या तिकाटण्याला टांगला जाई. सुरमई, बांगडे, कोळंबी, सगळं माझ्या अंगाखालून जाई. मासेविक्या बायका मला घेरून उभ्या राहत. त्यांतल्या आनंदीबाईंचा आवाज अजून कानात आहे. "काय रे सुलेमान, तुझ्या काट्याची सुई झोपलीय काय? हलव मेलीला!" आणि सुलेमान म्हणे, "आनंदीबाय, सुई जागी हाय, तुझी टोपलीच भुकेली हाय." भांडण होई, पण माझ्यावर कुणी शंका घेतली नाही. ठरल्या मुदतीने वजनमापं तपासणारे साहेब येत, मला जोखून बघत आणि अंगावर एक शिक्का मारत. तो शिक्का म्हणजे माझा मान होता.

मग बंदरावर नवे काटे आले. सुलेमानची पाठ धरू लागली आणि मचव्यातली पाती त्याने काढून घेतली. मला त्याने तेल लावून घरी आणलं. शिक्क्याची मुदत संपली, ती पुन्हा कुणी वाढवली नाही. आदल्या दिवशी मी जितका खरा होतो तितकाच त्या दिवशीही होतो, पण बाजाराच्या लेखी मी काटाच उरलो नव्हतो. मुलांनो, ही गोष्ट जरा ध्यानात ठेवा. पुढे एका माणसाचंही असंच झालं आहे.

घरी मला वाटलं, आता गंजत पडायचं. पण या किनाऱ्याची रीत तुम्हाला ठाऊक असेलच. आमच्या वाडीत घराआड एक माणूस आखातात असतो. विमानात सामानाचं वजन ठरलेलं असतं, जास्त झालं की विमानतळावर बॅग उघडून आईने दिलेलं लोणचं कचऱ्याच्या डब्यात टाकावं लागतं. म्हणून जाणारा प्रत्येक जण आदल्या दिवशी आपली बॅग घेऊन सुलेमानच्या पडवीत येऊ लागला. शिक्का आहे की नाही, हे इथे कुणी विचारलं नाही.

किती बॅगा मी उचलल्या! तांदळाचं पीठ, आमसुलं, सोडे, सुके बोंबील, कैरीचं लोणचं, आंबापोळी. कपडे आपले नावाला. शिवाय तिकडच्या खोलीत राहणाऱ्या सोबत्यांच्या घरून आलेल्या पुरचुंड्या. त्या नेणं म्हणजे धर्मच. स्वतःचा सदरा काढून ठेवतील, पण दुसऱ्याच्या आईने दिलेली पुरचुंडी कुणी मागे ठेवणार नाही.

सुलेमानचा मुलगा हाशिमही असाच जाऊ लागला. त्याची बायको इशरत बॅग भरायची आणि माझी सुई पुढे सरकायची.

"इशरत, सोडे काढ," हाशिम म्हणायचा.

"सोडे राहतील. बूट काढा."

"अगो, मग पायांत काय घालू?"

"विमानात कोण चालत जातंय?"

मग सुलेमान आरामखुर्चीतून म्हणायचा, "दोघांनी भांडून घ्या. काटा काय भिडेखातर कमी दाखवणार नाय."

बॅग एकदाची बसली की हाशिम ती उतरवायचा आणि मासे ठेवायची जुनी टोपली आणून, तिला दोऱ्या बांधून, माझ्या हुकाला अडकवायचा. त्या टोपलीत तो आपल्या लेकीला, महरीनला, बसवायचा. ती आधी घाबरायची, मग खिदळायची. सुलेमान बंदरावरचा आवाज काढून ओरडायचा, "बोला, बोला! ताजी सुरमई, आत्ताच लागलेय!" हाशिम खाली वाकून माझं तोंड वाचायचा आणि तो आकडा मनात धरून ठेवायचा. परत आला की बॅगा उघडायच्या आधी पुन्हा टोपली. "बघू बघू, माझ्या मागे किती वाढलीस!" घरातल्या भिंतीवर उंचीच्या रेघा मारतात ना, तशी ही त्यांची रीत. मी माशांना जोखलं, बॅगांना जोखलं, पण सुई इतक्या हळुवार फिरावी असं मला त्या एकाच वेळी वाटायचं.

शेवटच्या खेपेला तो गेला तेव्हा महरीन पहिलीत होती. टोपलीतून उतरताना ती म्हणाली, "अब्बा, तुम्ही येईपर्यंत माझं वजन मी कुणाला करू देणार नाय."

"मंजूर," हाशिम म्हणाला.

त्या खेपेला तो नव्या ठिकाणी जात होता. एजंटाने सांगितलं होतं, काम एका दुकानाचा ट्रक चालवायचं, पण व्हिशावर मात्र 'घरचा ड्रायव्हर' असं लिहिलेलं असेल. तसा व्हिसा लवकर मिळतो. हाशिमने पडवीत बसून बापाला विचारलं, "अब्बा, असं चालेल काय?"

सुलेमान हसला. "अरे, त्या भिकाजीचा गुरुप्रसाद कागदावर मेंढपाळ होता नि तिकडं केक बनवायचा. कागदावर काय लिहिलंय ते कोण बघतंय?"

आमच्या वाडीत सगळेच असं म्हणत. हातात कला असली म्हणजे झालं, कागदावरचं नाव म्हणजे बॅगेवरचं लेबल, उतरल्यावर फाडून टाकायचं. मला आठवण झाली ती माझ्या शिक्क्याची. पण काट्याला बोलता कुठे येतं?

आता मी तुम्हाला एक नियम समजावून सांगतो. कंटाळू नका, सोपा आहे. समजा, शाळा सुटली, घंटा झाली, तुम्ही दप्तर पाठीला लावलं. पण वर्गाची कडी बाहेरून आहे आणि ती काढायची की नाही हे बाई ठरवणार. बाई काही वाईट नाहीत, खाऊसुद्धा देतात. पण तुम्हाला घरी कधी जायचं ते तुमच्या हातात नाही. त्या देशात परक्या कामगाराला असाच एक मालक असे. त्याला कफील म्हणतात. त्याने हो म्हटल्याशिवाय दुसरीकडे नोकरी धरता येत नसे आणि आपल्या देशीही परतता येत नसे. पासपोर्ट त्याच्याच कपाटात.

हाशिमचा कफील हाशिमला मारत नव्हता, उपाशी ठेवत नव्हता. ईदला नवा सदरा द्यायचा. फक्त सुट्टीचं नाव काढलं की म्हणायचा, "रमजान होऊ दे." रमजान झाला की, "हज होऊ दे, दुकानात गर्दी आहे." मग, "तुझ्या जागी दुसरा मिळू दे." मित्रांनो, मारणाऱ्या हाताविरुद्ध तक्रार करता येते. 'होऊ दे, होऊ दे' म्हणणाऱ्याविरुद्ध माणूस कुठे जाणार?

महरीन दुसरीत गेली, तिसरीत गेली. शाळेत आरोग्य तपासणी झाली तेव्हा तिने वजनाच्या मशिनवर उभं राहून डोळे गच्च मिटले आणि बाईंना म्हणाली, "तुम्ही लिहा, पण मला सांगू नका. घरी पण सांगू नका." बाई आधी रागावल्या. कारण कळल्यावर त्यांनी आकडा हाताने झाकला.

घरी आल्यावर ती टोपली पुसून ठेवायची. ती उंच होत होती, म्हणून सुलेमान, तिचा दादा म्हणजे आजोबा, दरवर्षी टोपलीच्या चारी दोऱ्यांना एकेक गाठ मारून त्या आखूड करायचा, नाहीतर टोपलीत बसल्यावर तिचे लांब झालेले पाय बाहेर येऊन जमिनीला टेकले असते. आणि पाय टेकले की मी खरं वजन दाखवू शकत नाही. "आला की तयार पायजे," सुलेमान गाठ मारताना म्हणायचा.

महरीन पाचवीत होती तेव्हाची गोष्ट. एका सकाळी वाडीतल्या सगळ्यांचे फोन एकाच वेळी वाजू लागले. त्या देशाने कायदा बदलला होता! परक्या कामगाराला आता कफिलाची परवानगी लागणार नाही. मोबाइलवर अर्ज करायचा, बस. नोकरी बदला, घरी जा. इशरतने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि सुलेमानने पुन्हा वाचायला लावलं.

"परत वाच गो. 'परवानगीशिवाय'च लिहिलंय ना?"

"होय अब्बा. परवानगीशिवाय."

"म्हणजे कपाटातला पासपोर्ट पण देयाला लागणार त्याला?"

"लागणारच. सरकारनं सांगितलंय."

त्या दिवशी माझा थाट काय वर्णावा! इशरतने मला उतरवून खोबरेल तेलाने चोळलं. महरीनने टोपली खाडीवर नेऊन घासली आणि अंगणात वाळत घातली. शेजारचे आप्पा, त्यांची आमच्यामागच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी माळावर, हापूसची मोठी बाग, पेढे घेऊन आले. "सुलेमान, आता पोरगा हापूस खायला येतो बघ. पहिली पेटी माझ्याकडची!" सुलेमानचे डोळे भरून आले. तो म्हणाला, "आप्पा, आधी काटा. मग आंबा."

संध्याकाळी हाशिमचा फोन आला. इशरतने तो सगळ्यांना ऐकू यावा म्हणून मोठा केला आणि कट्ट्यावर, माझ्याच खाली ठेवला.

"अब्बा," तो म्हणाला आणि थांबला.

"कधीचं तिकीट?" सुलेमानने विचारलं.

"अब्बा, मी अर्ज केला. घेतला नाय त्यांनी. हा कायदा कंपनीत काम करणाऱ्यांना हाय. घरात काम करणाऱ्यांना नाय. मोलकरीण, माळी, घरचा ड्रायव्हर... ह्यांना तो लागू नाय."

इशरत म्हणाली, "पण तुम्ही कुठं घरात काम करताय? दुकानाचा ट्रक चालवताय ना?"

"काम दुकानाचं. कागदावर मी घरातला."

"मग सांगा ना त्यांना! ट्रक दाखवा!"

"सांगितला गो. तो खिडकीतला माणूस पण चांगला होता. म्हणाला, मी ट्रक बघत नाय, पडद्यावर काय येतंय ते बघतो."

"आणि तसंच निघून आलात तर?"

"तर कफील कळवेल की माणूस पळाला. मग मी चोर. विमानतळावरच धरतील."

अंगणात टोपली वाळत होती. सुलेमान खुर्चीतून उठला, माझ्यापाशी आला आणि उगाचच माझी सुई बोटाने शून्यावर सारू लागला. ती शून्यावरच होती. "मीच म्हटलं होतं, कागदावरचं कोण बघतंय," तो पुटपुटला.

मुलांनो, चांगला नियम केला गेला होता. हजारो माणसांच्या दाराची कडी निघालीही असेल. पण नियम लिहिताना कुणीतरी एक ओळ ओढली आणि हाशिम त्या ओळीच्या पलीकडे राहिला. तो ओरडला असता तरी त्या ओळीच्या अलीकडे आवाज आला नसता.

यानंतरची गोष्ट मला सांगायला थोडी जड जाते, कारण ती दूरच्या देशातली नाही, आमच्याच मागच्या सड्यावरची आहे.

आप्पांच्या बागेत दीपक नावाचा एक नेपाळी राखणदार होता. हापूसचा मोसम आला की आपल्याकडे बागांमधून नेपाळी माणसं येतात, तुम्ही पाहिली असतील. वानर हाकायचे, आंबा उतरवायचा, पेट्या भरायच्या. दीपक अंगाने बारीक आणि भलताच हसरा. मे महिन्यात तो मला न्यायला आला.

"भाभी, आप्पा बोलले काटा पायजे. कॅनिंगवाला आला, आणि आप्पाचा बॅटरीवाला काटा मेला."

"ने. पण आपटू नकोस हां," इशरत म्हणाली.

महरीनने विचारलं, "दीपकचाचा, तुमच्या गावात आंबा होतो काय?"

"होतो, पण तुमच्या आप्पासारखा रागीट नाय होत." तो हसला, मग जरा थांबून म्हणाला, "माझ्या बहिणीची शादी आहे. आप्पा सोडतील तर जाणार."

बागेत मी एका कलमाच्या फांदीला टांगला गेलो. पिकून खाली पडलेला, डाग लागलेला आंबा कॅनिंगला, म्हणजे डबाबंद रसाला, जातो, त्याच्या जाळ्या मी दिवसभर जोखत होतो. दुपारी कॅनिंगवाला गेल्यावर दीपक आप्पांसमोर येऊन उभा राहिला.

"आप्पा, माझं कार्ड द्या ना. तिकीट काढायचं आहे. घरून फोन आला."

दीपकचं ओळखपत्र आप्पांच्या कपाटात होतं. आदल्या साली त्यांचे दोन गडी ऐन मोसमात दुसऱ्याच्या बागेत गेले होते, तेव्हापासून आप्पा आल्या दिवशीच सगळ्यांची कार्डं घेऊन ठेवत. त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

"अरे, देतो की," आप्पा मायेने म्हणाले. "मोसम होऊ दे. तुझ्यावाचून माझं पान हलत नाही. चहा घेतलास का? जा, घे."

मित्रांनो, हेच शब्द मी पडवीत फोनवर कितीदा ऐकले होते! मला ओरडावंसं वाटलं की आप्पा, हे तुमचं बोलणं नाही, मी हे दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं आहे. पण हुकाला काही टांगल्याशिवाय माझी सुईसुद्धा हलत नाही. मी फांदीला तसाच लोंबकळत राहिलो आणि दीपक चहा प्यायला गेला.

दोन-चार दिवसांनी आप्पा स्वतः मला परत द्यायला आले. मागे दीपक, डोक्यावर आंब्यांची करंडी. सुलेमानने आप्पांना बसवलं, इशरतने चहा आणला. हाशिमची चौकशी झाली आणि आप्पा तापले.

"काय माणसं म्हणायची ही! परक्याचं पोर, त्याला त्याचे कागद देत नाहीत? आपल्या कपाटात कुलूप लावून ठेवतात? माणूस आहे का गुरं? मी असतो ना तिथे, कफिलाच्या तोंडावर सांगितलं असतं!"

महरीन माझ्या हुकाला टोपली अडकवत होती. वळून न बघता तिने विचारलं, "आप्पा, दीपकचाचांचं कार्ड कुठं असतं?"

"माझ्या कपाटात. अगदी सुरक्षित..." आप्पा म्हणाले आणि अर्ध्यावर थांबले.

तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरोखरच विचारायचं होतं. दीपक करंडी डोक्यावर तशीच धरून खाली बघत होता. इशरत आत निघून गेली.

"ते वेगळं आहे," आप्पा म्हणाले.

"होय काय?" महरीन म्हणाली. तिला वाटलं, आप्पा आता काय वेगळं आहे ते सांगतील. ती वाट बघत उभी राहिली.

सुलेमान हळूच म्हणाला, "आप्पा, चहा निवतोय."

आप्पांनी चहा घेतला नाही. चपला घातल्या आणि निघून गेले. पुढे कितीतरी दिवस ते आमच्या अंगणाकडे फिरकले नाहीत. रस्त्यात भेटले तर मान फिरवत. मला वाटलं, शेजार तुटला.

मोसम सरत आला तेव्हा एका सकाळी दीपक बॅग घेऊन पडवीत आला. खिशातून त्याने कार्ड काढून महरीनला दाखवलं. "आप्पानं दिलं. सगळ्यांचं दिलं. बोलले, पुढच्या साली घेणार नाय."

"मग शादीला चाललात?"

"शादी झाली," तो म्हणाला. तो अजून हसतच होता, पण बॅगेचा पट्टा बोटांना गुंडाळत होता. "परवाच झाली. आता बहिणीच्या सासरी जाऊन साडी देणार. भाभी, माझ्या बॅगचं वजन करा ना."

"अरे, तू रेल्वेनं जाणार. रेल्वेत वजन कोण बघतंय?" इशरत म्हणाली.

"तुमच्याकडे जाणारे सगळे करतात. माझं पण करा."

सुलेमान उठला. त्याने टोपली काढली, दीपकची बॅग माझ्या हुकाला लावली आणि विमानाने जाणाऱ्याला सांगावं तसं गंभीरपणे सांगितलं, "बसतंय. जा बेटा, काय काढायला नको." बॅगेत वरच आंबे होते. कुणी दिले ते दीपकने सांगितलं नाही, आणि कुंपणापलीकडे आप्पा उभे होते, त्यांनीही सांगितलं नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत नव्हते.

म्हणजे एक कडी निघाली, मित्रांनो, पण वेळेवर नाही. आणि दुसरी निघालीच नाही.

महरीन आता सहावीत आहे. परवा दुपारी घरात कुणी नव्हतं तेव्हा ती माझ्याजवळ आली. टोपलीच्या दोऱ्यांवरून तिने हात फिरवला. दोऱ्यांवर आता गाठीच गाठी आहेत, आणखी एक गाठ बसेल इतकीच मोकळी दोरी उरली आहे. ती टोपलीत बसली. तिचे पाय बाहेर आले आणि अलगद जमिनीला टेकले. माझी सुई अर्ध्यावरच थांबली. ती काही वेळ तशीच बसली, मग तिने पाय पोटाशी घेतले, डोळे गच्च मिटले आणि जीव मुठीत धरून लटकत राहिली.

तेवढ्यात फोन वाजला. तिने बसल्या बसल्याच घेतला. पडद्यावर हाशिम होता, ट्रकमध्ये, मागे पांढरं ऊन.

"काय करतेस गो?"

"टोपलीत बसलेय. पाय टेकतात अब्बा. पण दुमडले की बसतंय."

हाशिमने चेहरा जरा बाजूला वळवला. मग म्हणाला, "सांग बघू, किती आला?"

"बघितला नाय मी. डोळे मिटले होते. तुम्ही येऊन बघा."

"कफील म्हणतो, दुसरा ड्रायव्हर मिळाला की..."

"म्हणू दे," महरीन म्हणाली. "दादा अजून एक गाठ मारणार हाय."

मुलांनो, जुने काटे शेवटी म्हणतात की आम्हाला जपा, गंजू देऊ नका. मला तेल नाही लावलं तरी चालेल. पण आपलं घर सोडून परक्या मुलखात राबणारं माणूस तुमच्या दारी आलं, तर त्याचे कागद त्याच्याच खिशात राहू द्या. 'होऊ दे' म्हणण्याआधी, त्याच्या घरी कोण कशाची वाट बघत आहे, ते विचारा. आणि तुमच्यातलं कुणी मोठं होऊन नियम लिहायला बसलं, तर लिहून झाल्यावर एकदा त्या ओळीच्या पलीकडे कोण उभं राहिलं आहे ते बघा. माझ्याने एवढंच सांगवतं. कडी काढायला मला हात नाहीत.

त्या दुपारी ती पाय दुमडून लटकली होती तेव्हा तिचं वजन मी खरं दाखवलं. ते मला ठाऊक आहे. पण मी ते तुम्हालाही सांगणार नाही, मित्रांनो. तो आकडा तिच्या अब्बांचा आहे.